बाबुल मक्का ते विमानतळ : सुरतेच्या प्रवेशद्वाराची कथा

ज्या गुरुवर्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांचा विषय इतिहास होता. मी भाषेचा अध्यापक. तरीही आज इतिहासाच्या अंगणात पाऊल टाकण्याचे धाडस करीत आहे. त्याला कारण माझ्या नातवाचा एक प्रश्न. सुरतेच्या विमानतळावर उतरताच त्याने विचारले, “आजोबा, महाराजांनी लुटली ती हीच का सुरत?” मी “होय” म्हणालो खरे, परंतु एवढेच उत्तर अपुरे आहे, हे मनाला लागून राहिले.

महाराष्ट्रातील आपल्या पाठ्यपुस्तकांत सुरत ठळकपणे येते ती दोनदा : जानेवारी १६६४ आणि ऑक्टोबर १६७०. पण ज्या नगरीत लुटण्याजोगे काही आहे, ती आधी घडावी लागते. १५७३ मध्ये अकबराने सुरत घेतली आणि ती मोगल साम्राज्याचे मुख्य पश्चिमी बंदर झाली. हज यात्रेकरू येथूनच अरबस्तानास निघत. म्हणून ती ‘बाबुल मक्का’, म्हणजे मक्केचे द्वार. १६०८ मध्ये हॉकिन्सचे ‘हेक्टर’ जहाज येथे आले आणि इंग्रजांचा भारताशी व्यापार याच किनाऱ्यावर सुरू झाला. १६४४ मध्ये शहाजहानच्या काळी यात्रेकरूंसाठी मोगलसराई बांधली गेली. आजच्या भाषेत बोलायचे तर ते त्या काळचे प्रवासी प्रतीक्षालयच! त्याच वास्तूत आज महानगरपालिकेचे मुख्यालय आहे.

आता लुटीकडे वळू. शाइस्ताखानाने तीन वर्षे स्वराज्य उद्ध्वस्त केले होते; त्याची भरपाई मोगलांच्या थैलीतूनच करावयाची, हा महाराजांचा हिशेब होता. त्यांनी बुऱ्हाणपूर दरवाजाबाहेर तळ दिला तेव्हा सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला. पाचशे शिपायांचा खर्च तो सरकारातून घेत असे. शिपाई मात्र प्रत्यक्षात नव्हते. दार कोणी ठोठावले हे आपण शिकतो, पण पहारेकरी कोठे होता, हेही शिकावयास हवे.

तथापि, सुरतेचे बंदर लुटीने संपले नाही. तापीच्या मुखाशी गाळ साचत गेला. मोठी जहाजे पूर्वीपासूनच सुवालीला नांगर टाकीत. पुढे नदी अधिकच उथळ झाली. १६८७ मध्ये इंग्रजांनी आपले मुख्य ठाणे मुंबईस हलविले, मोगल सत्ताही खिळखिळी झाली, आणि सुरतेचे वैभव हळूहळू मुंबईने आपल्याकडे ओढून घेतले.

मगदल्ल्याची धावपट्टी राज्य सरकारने १९७० नंतरच्या दशकात बांधली. २००३ मध्ये ती भारतीय विमानपत्तन प्राधिकरणाकडे गेली. मे २००७ मध्ये दिल्लीची नियमित सेवा सुरू झाली. १६ फेब्रुवारी २०१९ रोजी येथून पहिले नियमित परदेशी विमान उडाले, ते शारजाला. जहाजांची जुनी दिशा विमानाने पुन्हा धरली! डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या विमानतळास आंतरराष्ट्रीय दर्जा दिला, आणि १७ डिसेंबरला नव्या इमारतीचे उद्घाटन झाले. गर्दीच्या एका तासात १,२०० देशांतर्गत आणि ६०० परदेशी प्रवासी सामावतील, अशी तिची योजना आहे. तिच्या दर्शनी भागास रांदेरच्या जुन्या घरांतील लाकडी कामाचे रूप दिले आहे. हे रांदेर म्हणजे तापीपलीकडचे प्राचीन बंदर. १५३० मध्ये पोर्तुगीजांनी ते जाळले. जळालेल्या बंदराची आठवण नव्या दारावर कोरली जावी, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

परंतु एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. धावपट्टी वाढवून २,९०५ मीटर करण्यात आली. मात्र वेसूच्या बाजूस उंच इमारती उभ्या राहिल्या आणि त्या दिशेने उतरणाऱ्या विमानांसाठी धावपट्टीचा काही भाग सोडावा लागला. वाद न्यायालयात गेला. तापीचा गाळ निसर्गाने आणला होता. हा आकाशातला गाळ आपणच साचविला!

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी पुष्कळांचे आजोबा-पणजोबा खानदेशातून तापी खोऱ्याच्या रेल्वेने येथे आले, मागावर उभे राहिले आणि सुरतकर झाले. त्यांच्यासाठीही या शहराने दार उघडले होते. तेव्हा नातवाला मी आता असे सांगेन : “होय बाळ, हीच ती सुरत. महाराजांच्या तळाचा अभिमान अवश्य धर. पण ही आता आपलीही नगरी आहे. तिच्या दाराशी पहारा जागा ठेवणे आणि वाटेत गाळ साचू न देणे, हे आपलेही काम आहे.”