चोरून शिकलेली विद्या

कॉलेजात जाणाऱ्या मुलींच्या उशाशी हल्ली एका ठरावीक तऱ्हेची कादंबरी दिसते. जुनं दगडी विद्यापीठ, छतापर्यंत पुस्तकांची कपाटं, बाहेर पाऊस, कुणी बोलत नाही अशी प्राचीन भाषा शिकवणारे गूढ प्राध्यापक, पाचसहा अतिहुशार विद्यार्थी, आणि त्यांच्यातच एक खून. या प्रकाराला 'डार्क अॅकॅडेमिया' म्हणतात. डोना टार्ट यांची १९९२ सालची 'द सीक्रेट हिस्टरी' ही त्यातली थोरली. गंमत अशी की, तिच्यात खून कुणाचा झाला आणि तो कुणी केला हे सुरुवातीलाच सांगून टाकलंय! तरी एवढं जाडजूड पुस्तक खाली ठेववत नाही. खुनी आधीच माहीत आहे, मग ओढ कशाची?

मला वाटतं, ओढ त्या बंद दाराची आहे. आत विद्या आहे, आत जायला किंमत पडते, आणि ती किंमत पुष्कळदा शिकणाऱ्याऐवजी दुसरंच कुणीतरी मोजतं.

आपल्या घरांत ही गोष्ट पाठशाळेपासून ऐकलेली आहे. अकलंक-निष्कलंकाची. मान्यखेटच्या मंत्र्याची ही दोन मुलं. बौद्ध न्याय शिकल्याशिवाय वादात उभं राहता येणार नाही, म्हणून आपण जैन आहोत हे लपवून ती बौद्ध विहारात शिकायला राहिली. एके दिवशी गुरू जैनांची सप्तभंगी समजावत होते. पोथीतला पाठ अशुद्ध, अर्थ काही लागेना, म्हणून ते तसंच सोडून उठले. रात्री अकलंकाने ती ओळ दुरुस्त करून ठेवली. सकाळी गुरूंनी पाहिलं आणि ओळखलं, आपल्यात एक जैन आहे! बघा, पुरावा म्हणजे रक्ताचा डाग नाही की बोटाचा ठसा नाही. पुरावा म्हणजे बरोबर केलेली एक ओळ.

मग परीक्षा. जिनमूर्ती ओलांडायला सांगितली, तेव्हा अकलंकाने मूर्तीवर एक दोरा टाकला, म्हणजे ती आता दिगंबर मूर्ती उरली नाही, आणि ओलांडून गेला. शेवटी मध्यरात्री भांडी आपटून एकदम मोठा आवाज केला. झोपेतून दचकून दोघांच्या तोंडून णमोकार निघाला आणि ती सापडली. पुढचा पाठलाग तुम्हाला ठाऊक आहे. अकलंक तळ्यातल्या कमळांत लपला. निष्कलंक पळत राहिला, त्याला पाहून घाबरलेला एक धोबीही त्याच्याबरोबर पळाला. सैनिकांनी त्या दोघांनाच भाऊ समजून मारलं. धोब्याचं नावसुद्धा आपल्याला कुणी सांगितलं नाही.

इतिहास म्हणून ही कथा जशीच्या तशी घेता येत नाही. अकलंकदेव आठव्या शतकातले, त्यांचं राजवार्तिक आणि अष्टशती आजही अभ्यासली जातात; कथाकोशातली ही गोष्ट मात्र त्यांच्यानंतर काही शतकांनी लिहिलेली. श्वेतांबरांत अशीच गोष्ट हरिभद्रसूरींच्या हंस आणि परमहंस या शिष्यांची सांगतात. बौद्धांना दुष्ट ठरवण्याचा सांप्रदायिक हेतूही त्यात आहे, तो मला खटकतो. पण दोन्ही पंथांना हीच गोष्ट सांगावीशी वाटली, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

बायकांना हे दार अधिकच ओळखीचं. डोरोथी सेयर्स या बाईंनी ऑक्सफर्डच्या समरव्हिल कॉलेजात शिकून १९१५ साली पहिला वर्ग मिळवला; पदवी हातात पडली ती १९२० मध्ये, कारण तोवर ऑक्सफर्ड बायकांना पदवीच देत नव्हतं. त्यांनीच १९३५ मध्ये 'गॉडी नाइट' लिहिली. बायकांचं कॉलेज, खून नाही, नुसती निनावी गलिच्छ पत्रं. ती कोण लिहितं ते सांगत नाही, पण एका बाईच्या विद्वत्तेतल्या प्रामाणिकपणाचा तडाखा दुसऱ्याच एका घराला बसलेला असतो, एवढं सांगते.

आणि आपल्याकडे? आमच्या मुरगाव तालुक्यातलं सांकवाळ हे धर्मानंद कोसंबींचं गाव. बौद्ध धर्म मुळातून शिकायचा ध्यास घेऊन १८९९ च्या अखेरीस ते घराबाहेर पडले. पुणे, काशी, नेपाळ, मग सिंहल. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. पुढे हार्वर्डला पाली ग्रंथांचं काम केलं. पार्श्वनाथांच्या चातुर्याम धर्मावर त्यांनी पुस्तक लिहिलं, आणि १९४७ मध्ये सेवाग्रामला अन्न सोडून देह ठेवला. म्हणून आपल्या लोकांना ते जवळचे वाटतात, जैनांच्या जुन्या आहाराबद्दल त्यांनी लिहिलेलं पटलं नाही तरीही.

घर सोडलं तेव्हा त्यांची पत्नी बाळाबाई आणि त्याच वर्षी जन्मलेली माणिक मागे राहिल्या. 'निवेदन' या आत्मचरित्रात काशीची थंडी आहे, उपास आहेत, गुरू आहेत. त्या वर्षांतलं बाळाबाईंचं घर कसं चाललं ते त्यांच्या तोंडून ऐकायला मिळत नाही. १९१८ साली कोसंबी पुन्हा अमेरिकेला निघाले तेव्हा शिकायला बरोबर दामोदर होता, आणि माणिकही होती.