सीएचा क्लास निवडताना बाटलीबॉयच्या वर्गातले बाबासाहेब आठवा

गेल्या महिन्यात बोईसरच्या एका बुद्धविहारात रविवारची वंदना संपल्यावर बारावी कॉमर्स झालेली चार मुलं-मुली आमच्याजवळ येऊन बसली. त्यांच्या हातात तीन क्लासची पत्रकं होती. एक पालघरमधल्या छोट्या क्लासचं, एक अंधेरीच्या मोठ्या क्लासचं आणि एक मोबाईलवर रेकॉर्डेड लेक्चर विकणाऱ्यांचं. प्रश्न साधा होता, "दादा, सीएसाठी यातला कुठला लावायचा?" चौघांपैकी तिघांचे वडील तारापूर एमआयडीसीत कंत्राटी कामगार आहेत. क्लासची फी म्हणजे त्या घरांचा काही महिन्यांचा पगार. त्यामुळे हा प्रश्न आम्ही हलक्यात घेतला नाही.

उत्तर देण्याआधी आम्हीच त्यांना विचारलं, बाबासाहेबांनी अकाउंटन्सीच्या क्लासमध्ये शिकवलं होतं, हे माहीत आहे का? चौघांनाही माहीत नव्हतं. बाबासाहेब म्हटलं की आपल्याला महाड आठवतं, संविधान आठवतं. पण जून १९२५ ते मार्च १९२८ या काळात ते मुंबईच्या बाटलीबॉय अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये अर्धवेळ प्राध्यापक होते आणि व्यापारी कायदा शिकवत होते. म्हणजे २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेणारा माणूस त्याच काळात हिशेबनिसांना कायदा समजावून सांगत होता. बॅरिस्टर असूनही अस्पृश्य म्हणून पुरेशी कामं मिळत नव्हती. घर आणि चळवळ चालवायला ही नोकरी लागत होती.

या क्लासची गरज तरी का पडली? १९१३ च्या कंपनी कायद्यानं कंपन्यांच्या हिशेबांची तपासणी सरकारी प्रमाणपत्र असलेल्या ऑडिटरकडूनच व्हावी असं ठरवलं. त्याच साली मुंबईत सिडनहॅम कॉलेज सुरू झालं. १९१८ मध्ये मुंबईत अकाउंटन्सीचा सरकारी डिप्लोमा आला, त्यालाच जीडीए म्हणत. त्याची रचना नीट लक्षात घ्या. आधी परीक्षा पास करायची, मग मान्यताप्राप्त अकाउंटंटच्या हाताखाली तीन वर्षं उमेदवारी करायची, तेव्हा कुठे पूर्ण प्रमाणपत्र मिळणार. म्हणजे या व्यवसायाच्या दाराला पहिल्यापासून दोन कुलपं आहेत. एक परीक्षेचं, दुसरं उमेदवारीचं. परीक्षेचं कुलूप अभ्यासानं उघडतं. उमेदवारीचं कुलूप मात्र कुणीतरी आतून उघडावं लागतं.

हे दुसरं कुलूप जातीचं आहे, हे बाबासाहेबांनी स्वतः अनुभवलं होतं. परदेशातून शिकून आल्यावर त्यांनी शेअर बाजाराच्या व्यवहारात सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाइकं आटली. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅममध्ये अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांचं व्याख्यान ऐकायला दुसऱ्या कॉलेजची मुलं यायची, पण प्राध्यापकांच्या खोलीतल्या माठातलं पाणी त्यांनी प्यायला काही सहकाऱ्यांची हरकत होती. ज्ञान चालत होतं, माणूस चालत नव्हता.

आणखी एक तारीख बघा. बाबासाहेब बाटलीबॉयमध्ये रुजू झाले त्याच वर्षी, जानेवारी १९२५ मध्ये, बहिष्कृत हितकारिणी सभेनं सोलापुरात हायस्कूलच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढलं. तेव्हा आपल्या समाजाची लढाई हायस्कूलपर्यंत पोचण्याची होती. त्या वसतिगृहापासून डिप्लोमाच्या वर्गापर्यंतचं अंतर कमी करायला बाबासाहेबांनी पुढची तीन दशकं दिली. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज, नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग आणि १९५३ मध्ये सिद्धार्थ कॉलेज ऑफ कॉमर्स. कॉमर्स हा आपला विषय नाही असं म्हणणाऱ्यांनी हा क्रम पाठ करावा.

१९४९ मध्ये चार्टर्ड अकाउंटंट्स कायदा झाला आणि १ जुलैला सीएची संस्था, म्हणजे आयसीएआय, अस्तित्वात आली. त्याच्या महिनाभर आधी, ३० मे रोजी, संविधान सभेत बाबासाहेब देशाच्या महालेखापरीक्षकाबद्दल बोलत होते. संविधानातला हा बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे, असं त्यांनी सांगितलं. जनतेचा पैसा कुठे गेला हे विचारणारा माणूस त्यांना इतका मोठा वाटत होता.

आणि हिशेब दुसऱ्याच्या हातात असला की काय होतं, हे आपल्या पालघर जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी इथल्या आदिवासींना लग्नगडी बनून सावकार-जमीनदाराकडे राबावं लागे. कर्ज फिटलं की नाही हे ठरवणारी वही मालकाकडे, अंगठा गड्याचा. १९४५ मध्ये डहाणू-तलासरी भागातल्या वारल्यांनी याच गुलामीविरुद्ध उठाव केला. आज वहीच्या जागी कॉम्प्युटर आला. पण कंत्राटी कामगाराचा प्रॉव्हिडंट फंड भरला की नाही, ओव्हरटाइम कुठे गेला, हे अजूनही वही वाचता येणाऱ्यालाच कळतं. म्हणून आपल्या वस्तीतून सीए निघणं ही नुसती एका घराची प्रगती नाही.

आता त्या तीन पत्रकांकडे येऊ. क्लासची तुलना करताना आम्ही एकच कसोटी लावतो. हा क्लास कुठलं कुलूप उघडतो आणि त्याची किती किंमत घेतो?

मोठ्या क्लासच्या पत्रकावर रँकर्सचे फोटो असतात. कधी एकाच मुलाचा फोटो दोन-तीन क्लासच्या जाहिरातीत दिसतो, कारण त्यानं एकीकडे लेक्चर घेतलेलं असतं, दुसरीकडे टेस्ट सिरीज. जमेची बाजू छापली, नावेची बाजू लपवली, तर तो ताळेबंद होत नाही. त्यांना विचारा, किती जणांनी प्रवेश घेतला आणि त्यातले किती पास झाले? उत्तर टाळलं तर समजून जा. शिवाय बोईसरहून मुंबई शंभरएक किलोमीटर. २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल आली खरी, पण जाण्यायेण्यात रोजचे चार तास गेले तर अभ्यास कधी करणार?

रेकॉर्डेड लेक्चर स्वस्त वाटतात. पण अटी वाचा. लेक्चर किती वेळा बघता येतं, मुदत कधी संपते, एकाच मोबाईलवर चालतं का? पहिल्या प्रयत्नात ग्रुप राहिला तर तेच लेक्चर पुन्हा विकत घ्यावं लागेल का? घरी एकच फोन आणि तो वडिलांच्या पाळीबरोबर बाहेर जात असेल, तर स्वस्त लेक्चरही महाग पडतं.

पालघरच्या छोट्या क्लासकडे नाव नाही, पण समोर बसून शंका विचारता येते. फाउंडेशनसाठी ते पुरेसं ठरू शकतं. तिथे शिकवणारा कुठला विषय स्वतः शिकवतो आणि कुठला दुसऱ्यावर ढकलतो, ते आठवडाभर बसून बघा.

चौथं पत्रक कुणी वाटत नाही, ते आम्ही वाटतो. आयसीएआयचं अभ्यास साहित्य, आरटीपी, सराव प्रश्नपत्रिका आणि आदर्श उत्तरं तिच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. लाइव्ह वर्गही फुकट आहेत. परीक्षा ज्या साहित्यावर बेतलेली आहे तेच आधी वाचा, मग पैसे कशावर घालायचे ते ठरवा.

आमच्या मते आपल्या मुलांनी पैसे घालायचेच तर उत्तरपत्रिका तपासून घेण्यावर घालावेत. ही परीक्षा इंग्रजी किंवा हिंदीत द्यावी लागते, मराठीत नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला गणित येतं, तरतूद कळते, पण उत्तर लिहिताना हात अडतो. प्रत्येक पेपरात किमान ४० आणि एकूण ५० टक्के लागतात. त्यामुळे एका पेपरातले दोन गुण अख्खा ग्रुप बुडवतात. पण ग्रुप राहिला तरी ज्या पेपरात ६० मिळाले तो पुढचे तीन प्रयत्न माफ होतो. नापास झालेल्याला हे सांगणारं कुणी घरात नसतं. तो निकाल बघतो आणि एमआयडीसीत कामाला लागतो.

आणि दुसरं कुलूप? २०२३ च्या नव्या योजनेत आर्टिकलशिप तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली. कालावधी घटला, दार तेच राहिलं. आमच्या ओळखीच्या एका मुलाला आर्टिकलशिपच्या मुलाखतीत अकाउंट्सवर एक प्रश्न विचारला आणि गाव, आडनाव, वडिलांचं काम यावर पाच. जागा मिळाली नाही. हे कुलूप कुठलाही क्लास उघडत नाही. ते समाजानंच उघडायचं आहे. आपल्यातले जे सीए झाले, ज्यांची ऑफिसं आहेत, त्यांनी दरवर्षी निदान एका मुलाला किंवा मुलीला हाताखाली घ्यावं. जयंतीला डीजेची वर्गणी मागणाऱ्या मंडळांनी विहारात एका कपाटाची, एका संगणकाची आणि रात्री उघड्या अभ्यासिकेची वर्गणीही मागावी. बौद्ध आणि आदिवासी मुलं तिथे एकत्र बसू देत.

त्या चौघांना आम्ही सांगितलं, पहिले दोन महिने एक रुपयाही भरू नका. फुकटचं साहित्य घ्या, दर रविवारी विहारात एक सराव पेपर सोडवा. पेपर आम्ही तपासून आणू. मग क्लासचं बघू. पहिल्या रविवारी चार जण आले होते. दुसऱ्या रविवारी सात आले.

जय भीम!