जीपची उंची आणि बसलेले पाटे

#धागा

आमच्या तात्यांची, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांची, १९९१ सालची महिंद्रा एमएम ५४० जीप राधानगरीजवळ आमच्या घरासमोर उभी असते. पावसाळ्यात वाडीवरचे दुधाचे कॅन तीच आणते. रात्री कोणाला कळा सुरू झाल्या तरी हाक तिलाच. गेल्या पावसाळ्यात ती दोनदा जांभ्याच्या दगडावर अडकली. दुसऱ्यांदा आत पेशंट होता. तात्यांनी पंधरा हजार रुपये बाजूला ठेवले आणि म्हणाले, "गाडी उचलायची."

इतिहासाचा विद्यार्थी असल्याने मी आधी वेगळाच प्रश्न विचारला : ही गाडी मुळात बुटकी का?

त्यासाठी १९४० च्या उन्हाळ्यात जावे लागते. अमेरिकी लष्कराला टेहळणीसाठी चारही चाकांना ताकद देणारी हलकी गाडी हवी होती. पहिला नमुना तयार करण्यास मुदत होती ४९ दिवस. वजनाची मूळ अट सुमारे १३०० पौंडांची, म्हणजे जेमतेम ५९० किलो. ती कोणालाच पाळता आली नाही आणि अखेरीस उभी राहिलेली विलीज एमबी एक टनाच्याही पुढे गेली. पण दुसरी अट टिकली : गाडी ठेंगणी हवी, म्हणजे शत्रूच्या नजरेत सहज भरणार नाही.

ठेंगणेपणाचे रहस्य एक्सलपाशी आहे. या जीपमध्ये कमानपाटे एक्सलच्या खालून जातात, वरून नव्हे. त्यामुळे सांगाडा खाली बसतो, गुरुत्वमध्य खाली राहतो आणि अवघ्या ८० इंची चाकांतराची गाडी वळणावर कलंडण्यास कचरते. एमबीच्या पोटाखाली सर्वांत खालच्या जागी अंतर होते पावणेनऊ इंच. ती सर्वांत खालची जागा म्हणजे डिफरन्शियलचा गोळा. हे कृपया लक्षात ठेवा. पुढे सगळा हिशेब येथेच अडतो.

खुद्द पाटा जीपहून पुष्कळ जुना. १८०४ साली लंडनच्या ओबाडिया इलियट याने घोडागाडीसाठी लंबवर्तुळाकार पाट्यांचे पेटंट घेतले आणि बग्गीचा प्रवास सुसह्य झाला. आपल्याकडच्या टांग्याला पाटे आले, बैलगाडी मात्र त्यांच्याशिवायच चालत राहिली. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या 'खडखड्या'च्या आठवणी अजून निघतात. त्या वाहनाच्या नावातच रस्ता ऐकू येतो. मराठीने या पोलादी पट्ट्यांना 'कमान' म्हटले हेही मला आवडते. देवडीची कमान ओझे पेलते, पाट्याची कमान ओझ्याखाली वाकून पुन्हा उभी राहते.

आता मुंबई. १९४५ मध्ये 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही कंपनी स्थापन झाली. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाले. माझगावात विलीज जीपची जुळणी सुरू झाली, पुढे ती गाडी येथेच घडू लागली. त्यांतले सीजे-३बी हे रूप उंच बॉनेटमुळे लगेच ओळखू येते. त्या उंचीमागे शोभेचा विचार नव्हता. नवे इंजिन जुन्या बॉनेटखाली मावत नव्हते, इतकेच. १९८० च्या दशकात आलेल्या एमएम ५४० मध्ये प्यूजोचे डिझेल इंजिन आणि ९१ इंचांचे चाकांतर होते. पाटे मात्र एक्सलखालीच राहिले. युद्धातल्या गाडीचा ठेंगणेपणा असा अर्धशतक ओलांडून आमच्या अंगणात आला.

आणि अंगण कोणते, तर राधानगरीचे. भोगावतीवर शाहू महाराजांनी धरण बांधायला घेतले, ते त्यांच्या हयातीत अपुरेच राहिले आणि स्वातंत्र्यानंतर पूर्ण झाले. येथून दाजीपूरमार्गे फोंडा घाटाने कोकणात उतरता येते. मोठा रस्ता चांगला आहे. अडचण त्याला फुटणाऱ्या वाटांची : तांबडी माती वाहून जाते आणि खालचा जांभा दातांसारखा वर येतो.

तात्यांपुढे तीन स्वस्त उपाय होते. पहिला, लांब शॅकल. पाट्याचे एकच टोक शॅकलवर असल्याने शॅकल दोन इंच वाढवली तर गाडी एकच इंच उचलते. शिवाय एक्सल किंचित फिरतो, पुढच्या चाकांचा कल बिघडतो, स्टिअरिंग भरकटू लागते. आमच्या वाडीतल्या एका जीपला हे केले होते. तिच्या मालकाने घाटात एकदा तिचा अनुभव घेतला आणि जुन्या शॅकल परत बसवल्या.

दुसरा, पाटे एक्सलच्या वर घेणे. गाडी एकदम चार-पाच इंच उचलते आणि सामान फारसे लागत नाही, म्हणून हौशी मंडळींना हा भुरळ घालतो. पण एक्सलवर नव्या बैठका वेल्ड कराव्या लागतात. प्रॉपेलर शाफ्टचा कोन तीव्र होतो, ब्रेकचे होज अपुरे पडतात, स्टिअरिंगचा दांडा तिरपा होतो, आणि जोर लावला की एक्सल स्वतःभोवती फिरू पाहतो. या प्रत्येकाची दुरुस्ती वेगळी आणि तिचा खर्चही वेगळा. पंधरा हजारांत होते ते फक्त अर्धे काम, आणि अर्ध्या कामाच्या गाडीत पेशंट बसवायचा नसतो.

तिसरा, पुढच्या एक्सलवर पाट्याखाली ठोकळे. याबद्दल एकच शब्द : नको. जोरात ब्रेक लागला की ठोकळा निसटू शकतो.

कायद्याचेही पाहायला हवे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत बदल वाहनात करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका ठामपणे मांडली.

उद्यमनगरातल्या पाटेवाल्या मिस्त्रींनी गाडीखाली डोके घातले, हसले आणि म्हणाले, "पाव्हणं, उचलायच्या आधी बसलीया किती ते तरी बघूया." रिकामी गाडी, तरी पाटे जवळजवळ सपाट! डाव्या बाजूला तर कमान उलटीच झालेली. इतक्या वर्षांच्या दुधाच्या कॅननी गाडीची मूळ उंचीच खाल्ली होती.

आणि मग तो गोळा. पाटे कितीही उचला, सांगाडा वर जाईल, डिफरन्शियल जमिनीपासून तेवढेच राहील, कारण ते एक्सलवरच आहे. त्याला वर नेते फक्त मोठे चाक, तेही निम्म्यानेच : व्यास दोन इंच वाढला तर गोळा एक इंच वर. आमची गाडी अडकली होती ती गोळ्यावरच. त्याच्या बुडाचे ओरखडे मिस्त्रींनी बॅटरीच्या उजेडात दाखवले. म्हणजे तात्या जो उपाय शोधत होते तो या दुखण्याचा नव्हताच.

ठरले ते असे. चारही बाजूंचे पाटे सोडवून थंडच ठोकून कमान परत आणायची. भट्टीत लाल करून वाकवले तर पोलादाचे पाणी उतरते आणि पाटे वर्षभरात पुन्हा बसतात. तुटलेली दोन पाने बदलायची. बुश, सेंटर बोल्ट आणि यू-बोल्ट नवे. मागे एक पान वाढवण्याची तात्यांची इच्छा मिस्त्रींनी मोडून काढली : रिकाम्या गाडीत पेशंटची हाडे खिळखिळी होतील म्हणाले. टायर झिजलेच होते, ते मूळ मापाचेच नवे घेतले. नव्या नक्षीने गोळ्याला थोडी उंची मिळाली. मोठ्या टायरचा विषय कागदपत्रांपाशी थांबला.

काम दोन दिवस चालले. आधी आणि नंतर मी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावला : मागे पावणेदोन इंच वाढले, पुढे उजवीकडे दीड, डावीकडे सव्वा. पैसे सोळा हजारांच्या थोडे वर गेले.

ज्या दगडावर गाडी अडकली होती तो तात्यांनी मे महिन्यात पहारीने फोडला.