कपेंटाच्या मागोमाग

पाण्यात उतरा. चव आधी खारट लागते, मग मचूळ, पुढे जवळजवळ गोड. तुम्ही पश्चिम आफ्रिकेत आहात, अडीच ते पाच कोटी वर्षं मागे. समुद्र जमिनीत आतवर शिरलाय. पोटऱ्यांना घासत चंदेरी मासे जातात, आपल्या कोकणातल्या तारलीच्या नात्यातले. शेकडो अंगं एकाच क्षणी वळतात, कारण शेजाऱ्याची हालचाल प्रत्येकाला डोळ्यांनी दिसते आणि पाण्याच्या दाबातूनही कळते. थवा नदीत शिरतो. समुद्र मागे हटेल. यांचे वंशज आफ्रिकेच्या नद्यांतच राहतील. डीएनएच्या अभ्यासातून उलगडलेली ही वाट पुढे काँगोच्या खोऱ्यात आणि टांगानिका सरोवरात जाते. त्या सरोवरातला एक मासा म्हणजे लिम्नोथ्रिसा, झांबियातला कपेंटा.

आता थेट 1957 सालात या. झांबेझी नदीच्या काठी, ग्वेम्बे खोऱ्यात उभे राहा. पूर ओसरलाय आणि इथल्या टोंगा समाजाच्या बायका ओल्या गाळात पेरणी करतायत. पावसाळी पीक वेगळं, हे गाळपेरीचं वेगळं. उन्हाळ्यात घर यावरच तगतं. पण खाली करिबाच्या घळीत धरणाची काँक्रीटची भिंत चढते आहे. न्यामिन्यामी हा नदीचा देव हे सहन करणार नाही, असं लोक सांगतात. यंदा पुराने बांधकामाचं नुकसान केलं, पुढच्या वर्षी आणखी मोठा पूर करील. तरी भिंत पूर्ण होते.

सप्टेंबर 1958. धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या चिसोमो गावाने हलायला नकार दिलाय. पोलिसांच्या गोळीबारात आठ माणसं मरतात. उरलेल्यांना ट्रकमध्ये घालून लुसितू या नव्या जागी नेतात. दोन्ही काठांवरच्या सुमारे 57,000 लोकांना पूर्वजांची थडगी आणि गाळाची शेतं पाण्याखाली सोडून जावं लागतं.

पाच वर्षांनी याच जागी होडीत बसा. 1963 साली जलाशय भरलाय. पसारा पाच हजार चौरस किलोमीटरांहून अधिक. नदीचे मासे मात्र काठालगतच राहतात. मधल्या खोल पाण्यात सूक्ष्म जीव भरपूर आहेत, पण ते खाणारं फारसं कुणी नाही. म्हणून 1967-68 मध्ये टांगानिकातून विमानाने कपेंटाची पिल्लं येतात आणि इथल्या पाण्यात सोडली जातात. ती टिकतात, वाढतात. टर्बाइनमधून निसटून झांबेझीने खाली जातात आणि मोझांबिकमधल्या काहोरा बासाच्या जलाशयातही वस्ती करतात. टांगानिकातल्या भाऊबंदांपेक्षा इथला कपेंटा आखूड राहतो आणि लहान वयातच अंडी घालतो.

आजची रात्र अमावस्येच्या जवळची आहे. तरंगत्या तराफ्यावर चढा. पाण्यावर दिवे लागतात, उजेडाकडे थवा गोळा होतो आणि खाली सोडलेलं गोल जाळं वर येतं. पौर्णिमेला हा दिवा फिका पडतो, मासळी कमी मिळते. सकाळी मीठ लावून मासे उन्हात पसरतात. मग पोत्यांतून बाजारात जातात. मक्याच्या घट्ट लापशीबरोबर, म्हणजे झांबियात न्शिमाबरोबर आणि झिंबाब्वेत साद्झाबरोबर, ते रोज खाल्ले जातात. महाग मटण न परवडणाऱ्या घरांना प्रथिनं यातूनच मिळतात. ही मोठीच गोष्ट आहे.

तरीही करिबाचा हिशेब कपेंटाने फिटत नाही. या माशाच्या कुळाने समुद्र सोडला, नदी सोडली, विमानातून आल्यावर परकं सरोवर आपलंसं केलं. टोंगांना मिळालेल्या कोरड्या माळावर पुराचा गाळ कधी आलाच नाही, आणि तराफा, दिवे, इंजिन विकत घेण्याइतका पैसा बहुतेकांकडे नव्हता. नदी अडवून जे नवं पिकतं, त्यात पहिला वाटा ज्यांची शेतं बुडाली त्यांचा असायला हवा. करिबात तो आधी ठरला नाही. पुढचं कुठलंही धरण बांधताना तो भिंतीच्या पहिल्या आराखड्याबरोबरच ठरला पाहिजे.