कॉम्रेड्स, वॉली हेवर्ड आणि शर्यतीनंतरचे दिवस

धावण्याच्या इतिहासात एक मोठी गैरसोय आहे. शर्यतीची वेळ मिनिट-सेकंदांपर्यंत नोंदलेली असते, पण दुसऱ्या दिवशी तो धावपटू जिना कसा उतरला, हे कुठेच सापडत नाही. तरुण माणसाच्या बाबतीत ते सापडलं नाही तरी फारसं बिघडत नाही, तो आठवड्याभरात पुन्हा उड्या मारत असतो. साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसाची खरी गोष्ट मात्र त्या न नोंदलेल्या दिवसांतच असते. आज आपण ती मिळेल तेवढी शोधणार आहोत, आणि सुरुवात दक्षिण आफ्रिकेपासून करणार आहोत.

कॉम्रेड्स मॅरेथॉन हे नाव आता पुण्या-मुंबईत, साताऱ्या-कोल्हापुरात अनोळखी राहिलेलं नाही. नाव मॅरेथॉन असलं तरी अंतर 42 किलोमीटरचं नाही, जवळजवळ 90 किलोमीटरचं आहे. पहिल्या महायुद्धात पडलेल्या सोबत्यांची आठवण म्हणून व्हिक क्लॅपहॅम या माजी सैनिकानं 24 मे 1921 ला ती सुरू केली. डरबन आणि पीटरमॅरिट्झबर्ग या दोन शहरांमध्ये ती होते, आणि साधारणपणे एका वर्षी डरबनहून वर चढत जायचं, पुढच्या वर्षी पीटरमॅरिट्झबर्गहून समुद्राकडे उतरत यायचं अशी रीत. धावपटू नुसतं 'अप' आणि 'डाउन' म्हणतात. हे दोन शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

वॉली हेवर्ड यांचा जन्म 1908 चा. 1930 साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांनी पहिल्यांदा कॉम्रेड्स जिंकली. नंतर ते या शर्यतीपासून दूर गेले. 1938 च्या एम्पायर गेम्समध्ये सहा मैलांच्या शर्यतीत त्यांना कांस्यपदक मिळालं, मग युद्ध आलं. म्हणजे पहिल्या विजयानंतर तब्बल वीस वर्षांनी, 1950 मध्ये, त्यांनी दुसऱ्यांदा कॉम्रेड्स जिंकली. पुढे 1951, 1953 आणि 1954. मधल्या 1952 साली ते हेलसिंकी ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये दहावे आले, वय वर्षं 44. 1953 मध्ये इंग्लंडला जाऊन लंडन-ब्रायटन, बाथ-लंडन हे शंभर मैल आणि 24 तासांची धाव अशा तीन मोठ्या अंतरांवर त्यांनी विक्रम केले, तेही एकाच दौऱ्यात. त्या दौऱ्याच्या खर्चासाठी लोकांनी दिलेली वर्गणी घेतली, म्हणून हौशी खेळाडूंच्या नियमांवर बोट ठेवून त्यांना व्यावसायिक ठरवलं गेलं आणि स्पर्धांची दारं बंद झाली. नियमाचा हा निव्वळ कोतेपणा होता. पण त्याचा एक अनपेक्षित परिणाम झाला असावा असं आम्हाला वाटतं. चाळिशीच्या मध्यावरच्या या माणसाचे पाय पुढची कितीतरी वर्षं शर्यतींच्या मारापासून वाचले. वर्षानुवर्षं दर मोसमात चार-चार लांब शर्यती ओढणाऱ्यांचं पुढे काय होतं हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना यातलं मोल कळेल.

आता 1988. हेवर्ड 79 वर्षांचे. त्या वर्षी शर्यत 'अप' होती. त्यांनी ती 9 तास 44 मिनिटं 15 सेकंदांत पूर्ण केली. तेव्हा मुदत 11 तासांची होती, म्हणजे मुदतीच्या सव्वा तास आधी. निम्म्याहून जास्त धावपटू त्यांच्या मागे होते. वर्तमानपत्रांना याहून काय हवं?

लगेच पुढच्या वर्षी, 1989 ला, ते पुन्हा उभे राहिले. आता वय 80, आणि शर्यत 'डाउन'. यावेळी वेळ लागली 10 तास 58 मिनिटं 3 सेकंद. कॉम्रेड्समध्ये मुदत संपताना बंदूक उडते आणि त्यानंतर आलेल्याला पदक नाही, नोंद नाही, काही नाही. हेवर्ड त्या बंदुकीच्या 1 मिनिट 57 सेकंद आधी आत आले. सर्वांत वयस्कर फिनिशर म्हणून त्यांचं नाव तीसहून अधिक वर्षं पुस्तकात राहिलं. पुन्हा ते कॉम्रेड्स धावले नाहीत. 2006 साली, 97 व्या वर्षी ते वारले.

एका वर्षात सव्वा तासाचा फरक. लोक म्हणतात, वय झालं. पण 79 आणि 80 मध्ये माणूस एवढा म्हातारा होतो का? तसं नाही. इथे दोन गोष्टी एकत्र आल्या असं आमचं वाचन आहे. एक, आदल्या वर्षीच्या धावेची भरपाई. आणि दुसरी, उतार.

उताराची गोष्ट जरा सावकाश सांगायला हवी, कारण आपल्याकडे अजूनही 'उतरताना काय, आपोआप पाय पडतात' असं म्हटलं जातं. चढताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना ब्रेक लावतो. या ब्रेक लावण्यात तंतू फाटतात. अमेरिकेत थिओडोर हॉ या शरीरशास्त्रज्ञानं 1902 मध्येच लिहून ठेवलं होतं, की व्यायामानंतर काही तासांनी सुरू होणारी आणि दुसऱ्या दिवशी वाढणारी दुखणी ही साध्या थकव्याची नसतात, स्नायूच्या आत काहीतरी फाटलेलं असतं. त्यानंतर जवळजवळ ऐंशी वर्षं ते डोळ्यांनी पाहायची सोय नव्हती. 1981 साली स्वीडनमध्ये फ्रीडेन आणि सहकाऱ्यांनी माणसांना पुन्हा पुन्हा जिने उतरायला लावले, पोटरीचा बारीक तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, आणि तंतूंमधली शिस्तीची रचना ठिकठिकाणी विस्कटलेली दिसली. कॉम्रेड्सच्या 'डाउन'मध्ये फील्ड्स हिल नावाचा लांब, तीव्र उतार येतो, आणि तो येतो साठ किलोमीटर पायाखालून गेल्यावर. तिथे पोचेपर्यंत मांड्यांतला ब्रेक बऱ्यापैकी झिजलेला असतो.

फाटलेलं दुरुस्त करायला शरीराकडे कामगार असतात. स्नायूतंतूच्या कडेला काही पेशी निजलेल्या असतात, इजा झाली की त्या जाग्या होतात आणि डागडुजी करतात. वय वाढतं तशा या पेशी, विशेषतः झटक्यानं काम करणाऱ्या तंतूंजवळच्या, कमी होतात आणि जाग्याही उशिरा होतात. 1985 मध्ये अमेरिकेत मॅरेथॉन धावलेल्यांच्या पोटरीचे नमुने तपासले गेले, तेव्हा डागडुजीच्या खुणा शर्यतीनंतर कित्येक आठवड्यांनीही दिसत होत्या. दुखणं पाच-सहा दिवसांत थांबतं. दुरुस्ती तेव्हा नुकती सुरू झालेली असते. 'आता दुखत नाही, म्हणजे बरं झालं' हा हिशेब विशीत खपून जातो, पासष्टीत महागात पडतो.

जरा मागे जाऊ या, कारण 'नंतरचे दिवस' मोजण्याची कल्पना कुणाला पहिल्यांदा सुचली हा प्रश्न आम्हाला फार दिवस छळत होता. मोजणाऱ्यांमध्ये एक जुनं नाव सापडतं ते न्यू यॉर्कच्या ऑस्टिन फ्लिंट या डॉक्टरचं. 1870 च्या नोव्हेंबरात एडवर्ड पेसन वेस्टन हा त्या काळचा प्रसिद्ध चालणारा सलग पाच दिवस चालला. फ्लिंटनं चालण्याआधीचे पाच दिवस, चालण्याचे पाच दिवस आणि चालून झाल्यावरचे पाच दिवस, असे पंधरा दिवस त्याचं खाणं वजन करून आणि मलमूत्र तपासून हिशेब मांडला. त्या वेळचा वाद वेगळाच होता: स्नायू जळण म्हणून स्वतःलाच जाळतो का? चालताना खाल्ल्यापेक्षा जास्त नायट्रोजन बाहेर पडतो, असं फ्लिंटनं दाखवलं, आणि तो वाद पुढे बरीच वर्षं चालला. आपल्या कामाचे आहेत ते शेवटचे पाच दिवस. वेस्टनची भूक वाढली, गमावलेलं तो भरून काढत होता. भरपाई हीसुद्धा मोजण्याजोगी क्रिया आहे, हे तिथे आकड्यांत आलं.

हाच वेस्टन 1909 मध्ये, आपल्या सत्तराव्या वाढदिवशी, न्यू यॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला चालत निघाला. 100 दिवसांत पोचायचं होतं, 104 च्या वर लागले, आणि तो चिडला. पुढच्या वर्षी उलट दिशेनं, लॉस एंजेलिसकडून न्यू यॉर्कपर्यंत, 77 दिवसांत आला. हेवर्ड यांच्या अगदी उलट, दुसरी खेप पहिलीपेक्षा चांगली. तो चालत होता, धावत नव्हता, हा फरक मोठा आहेच. वाटही वेगळी होती. पण आणखी एक गोष्ट आहे: रविवारी चालायचं नाही हा त्याचा नेम. आईला दिलेला शब्द होता म्हणे. कारण धार्मिक असेल, पण सत्तरीतल्या पायांना दर सहा दिवसांनी एक पूर्ण दिवस मिळत होता, आणि ते सहा दिवसांचे आकडे त्याच्याच बाजूने बोलतात.

आता ज्याची गोष्ट तुमच्या प्रत्येकाच्या मोबाइलवर किमान तीनदा आली असेल, तो माणूस. क्लिफ यंग. ऑस्ट्रेलियातल्या बीच फॉरेस्टचा बटाट्याची शेती करणारा, 61 वर्षांचा. 1983 ची सिडनी-मेलबर्न शर्यत, 875 किलोमीटर, 5 दिवस 15 तास 4 मिनिटांत जिंकली. बाकीचे झोपत होते तेव्हा हा फरफटत्या, बुटक्या पावलांनी पुढे सरकत राहिला. दहा हजार डॉलरचं बक्षीस सोबतच्या धावपटूंत वाटून टाकलं. फॉरवर्डमधली गोष्ट इथे संपते आणि खाली हात जोडल्याचं चित्र असतं. पण 1984 मध्ये क्लिफ यंग पुन्हा त्याच शर्यतीत उतरला आणि सातवा आला. हे कोणी फॉरवर्ड करत नाही. सातवा येणं ही बासष्टीतली काही लहान गोष्ट नव्हे, पण 'झोपू नका, थांबू नका' या उपदेशाच्या पुढच्या ओळीत ते बसत नाही. आम्ही वक्ते लोकसुद्धा या पापात सामील असतो, अर्धी गोष्ट टाळ्या जास्त घेते. 1997 मध्ये, 75 व्या वर्षी, त्यानं अख्ख्या ऑस्ट्रेलियाला वळसा घालायचा घाट घातला, आणि 6,520 किलोमीटरवर थांबला, कारण सोबतचा एकुलता सहायक आजारी पडला. स्वतःचे पाय त्याला थांबवू शकले नाहीत, एवढंच त्यावरून म्हणता येतं.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. वयस्कर धावपटूंच्या या इतिहासात गोरे पुरुषच का दिसतात? दक्षिण आफ्रिकेत उत्तर सोपं आहे. 1935 साली रॉबर्ट म्शाली या कृष्णवर्णीय धावपटूनं साडेनऊ तासांत कॉम्रेड्स पूर्ण केली, पण अधिकृत नोंद नाही. कृष्णवर्णीय पुरुषांना आणि सगळ्याच स्त्रियांना अधिकृत प्रवेश मिळाला 1975 मध्ये. हेवर्ड यांच्या पिढीतला कृष्णवर्णीय माणूस ऐंशीव्या वर्षी किती सावरला असता, हे इतिहासाला कळणंच शक्य नव्हतं, कारण तो विशीतच दाराबाहेर होता. वयाबद्दलचे आपले बरेच आडाखे अशा अपुऱ्या माणसांवरून बांधलेले आहेत.

दक्षिण आफ्रिकेतच एक महत्त्वाची पाहणी झाली, 1982 च्या टू ओशन्स शर्यतीनंतर, केपटाउनला, 56 किलोमीटर. पीटर्स आणि बेटमन यांनी धावपटूंना विचारलं, पुढच्या दोन आठवड्यांत सर्दी-घसा झाला का? 33.3 टक्के हो म्हणाले. न धावलेल्या माणसांत 15.3 टक्के. यामागची कारणं काय, याबद्दल अभ्यासकांत आजही वाद आहे. पण डरबनहून परतीच्या विमानात, बंद हवेत तासन् तास बसणाऱ्या आपल्या साठीच्या काकांनी एवढा आकडा डोक्यात ठेवायला हरकत नाही.

कारण अलीकडच्या वर्षांत भारतातून कॉम्रेड्सला शेकडो जण जातात, त्यात मराठी नावं भरपूर, आणि पन्नाशी ओलांडलेले कमी नाहीत. सगळी तयारी नीट करतात: साताऱ्याचा यवतेश्वरचा चढ, पहाटेच्या लांब धावा. परतल्यावर सत्कार, पेढे, सोसायटीच्या गेटवर फ्लेक्स. आणि तिसऱ्या रविवारी पुन्हा ग्रुपबरोबर वीस किलोमीटर, कारण 'काका, तुम्ही तर कॉम्रेड्सवाले!' हा आग्रह कसा मोडायचा? इथे आमचं म्हणणं स्पष्ट आहे. मोडायचा. 'डाउन' धावून आलेल्या साठीच्या माणसाला चालणं, पोहणं, सायकल चालेल, पण पहिले काही आठवडे लांब धाव नको, आणि लगोलग उताराची धाव तर नकोच.

खाण्याचंही तसंच. तरुणाला एका जेवणात वजनाच्या दर किलोमागे साधारण 0.24 ग्रॅम प्रथिनं स्नायू बांधायला पुरतात. सत्तरीच्या आसपासच्या पुरुषाला तेवढ्याच कामाला सुमारे 0.4 ग्रॅम लागतात, असं 2015 मधल्या एका अभ्यासात दिसलं. पासष्ट किलोच्या माणसाला ते 26 ग्रॅम होतात, एका वेळचे. आपल्या वरण-भाताच्या ताटात ते बसत नाहीत. अंडी, पनीर, मासे, उसळीची जास्तीची वाटी, काहीतरी वाढवावं लागतं. आणि दुखतंय म्हणून शर्यतीत किंवा लगेच नंतर आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या घ्यायच्या नाहीत. फाटलेल्या स्नायूंतला ऐवज रक्तातून मूत्रपिंडातच जातो, त्यावर ही गोळी म्हणजे दुहेरी भार. लघवी गडद, कोकाकोलासारखी दिसली तर घरी पाणी पीत बसू नका, थेट दवाखाना.

जाता जाता एक विनंती. तुमच्यापैकी जे धावतात, त्यांच्या घड्याळात शर्यतीचा प्रत्येक किलोमीटर साठवलेला असतोच. त्याच्या शेजारी एक साधी वही ठेवा: रेलिंग न धरता जिना कधी उतरता आला, रात्रीची झोप कधी लागली, भूक कधी परतली, सकाळची नाडी पूर्वीच्या आकड्यावर कोणत्या तारखेला आली. पन्नाशीत एकदा आणि साठीत एकदा, एवढ्या दोन वह्या आपल्या हाती आल्या, तरी हेवर्ड यांच्या त्या सव्वा तासाबद्दल आज जे अंदाजानं बोलावं लागलं, ते बरंच नेमकं बोलता येईल. प्रश्न असतील तर घेऊ या.