ऑस्ट्रेलियातील ग्रामीण पानगृहे व शिकार
ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील कोरड्या व विरळ वस्तीच्या प्रदेशास ‘आउटबॅक’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकात तेथील वाटांवर जी पानगृहे उभी राहिली, त्यांना स्थानिक व्यवहारात ‘हॉटेल’ म्हणत आणि ते नाव सार्थ होते. कारण मद्यविक्रीचा परवाना घेणाऱ्याने प्रवाशाला जेवण व निजावयास जागा आणि त्याच्या घोड्यासाठी तबेला पुरवावा, असे बंधन सामान्यतः असे. त्यामुळे हे पानगृह आपल्याकडील गुत्त्यापेक्षा सराईच्या अधिक जवळचे होते. ‘कॉब अँड कंपनी’ची घोडागाड्यांची सेवा १८५४ मध्ये व्हिक्टोरियातील सोन्याच्या खाणींच्या मार्गावर सुरू झाली. पुढे तिच्या मार्गांवरील अनेक पानगृहांत घोडे बदलत व टपाल उतरे. तिची अखेरची गाडी १९२४ मध्ये क्वीन्सलँडमध्ये धावली.

या पानगृहांतील गप्पांचा मोठा भाग शिकारीने व्यापलेला असे. हौस आणि उपजीविका यांची येथे सरमिसळ दिसते. टॉमस ऑस्टिन या जमीनदाराने १८५९ मध्ये व्हिक्टोरियात शिकारीच्या हौसेसाठी इंग्लंडहून सु. दोन डझन ससे आणविले. अर्ध्या शतकात त्यांच्या संततीने खंडाचा मोठा भाग व्यापून मेंढ्यांचे गवत फस्त केले. १९३० नंतरच्या मंदीत मात्र हेच ससे अनेक बेकारांचा आधार ठरले. त्यांचे मांस घरी शिजे व कातडी फेल्टच्या टोप्यांसाठी विकली जाई. १९५० मध्ये सशांत मिक्सोमॅटोसिसची साथ मुद्दाम पसरविण्यात आली आणि या धंद्याला उतरती कळा लागली. उत्तरेकडे दुसऱ्या महायुद्धानंतर मगरींची कातड्यासाठी बेसुमार शिकार झाली. १९७० ते १९७४ या काळात तिच्यावर बंदी आली. शहरांतून ट्रकने येणारे हौशी शिकारी रात्री प्रखर दिव्याच्या झोतात ससे व कांगारू टिपत.

१९१६ मध्ये चार राज्यांत पानगृहे सायंकाळी सहाला बंद करण्याचा नियम झाला. न्यू साउथ वेल्सने तो १९५५ मध्ये, तर साउथ ऑस्ट्रेलियाने सर्वांत शेवटी १९६७ मध्ये उठविला. ठरावीक अंतर तोडून आलेल्या ‘खऱ्या प्रवाशा’ला बंद वेळेतही मद्य देण्याची मुभा काही ठिकाणी असे, शिकारीस निघालेल्यांना ती सोईचीच होती.

या जीवनाच्या आठवणी पुढे हळहळीने सांगितल्या गेल्या. पण त्या बहुतांशी गोऱ्या पुरुषांच्या आहेत. ज्या आदिवासींची ही मूळ शिकारभूमी, ज्यांच्या माग काढण्याच्या कौशल्यावर व गुराख्याच्या श्रमावर वसाहतवाले विसंबून राहिले, त्यांना मद्य विकण्यास कायद्याने मनाई होती. नॉर्दर्न टेरिटरीत ती १९६४ मध्ये उठली. क्वीन्सलँडमध्ये स्त्रियांनाही सार्वजनिक मद्यकक्षात मद्य मिळत नसे. १९६५ मध्ये ब्रिस्बेन येथे दोघींनी स्वतःला तेथे साखळीने जखडून घेतले, तेव्हा या प्रश्नाला वाचा फुटली. कायदा १९७० मध्ये बदलला.

१९९६ मधील पोर्ट आर्थरच्या हत्याकांडानंतर सरकारने सु. साडेसहा लाख बंदुका मोबदला देऊन परत घेतल्या. मोटारींमुळे अंतरे आटोक्यात आली व अनेक पानगृहे बंद पडली. क्वीन्सलँडच्या सरहद्दीवरील बर्ड्सव्हिल येथील १८८४ चे हॉटेल मात्र चालू आहे. सु. शंभर वस्तीच्या या गावी १८८२ पासूनच्या घोड्यांच्या शर्यतींना हजारो लोक येतात.