सहाला सात: हाली रुपयाचं गणित

धाराशिवकडच्या जुन्या घरात फडताळ आवरताना चारमिनार छापलेला चांदीचा रुपया निघाला, तर लगेच सराफाकडे पळू नका. तो हाली सिक्का, निजामाच्या राज्याचं चलन. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस ॲक्शनपर्यंत हा जिल्हा निजामाकडे होता, शेजारचं बार्शी-सोलापूर मात्र इंग्रजांकडे. म्हणजे हद्द ओलांडली की पैसा बदलायचा: इंग्रजी कलदार ६ रुपयांना ७ हाली.

हे ६ आणि ७ कुठून आले? सवयीने एक्सेल उघडलं. जुना हाली रुपया ११.१८ ग्रॅम, त्यात ८१.८ टक्के चांदी, म्हणजे ९.१४ ग्रॅम. कलदार ११.६६ ग्रॅम, चांदी ९१.७ टक्के, म्हणजे १०.६९. भागाकार १.१७. आणि ७ भागिले ६? तेही १.१७! दर चांदीशी चक्क जुळतो.

सराफ तेवढी चांदीच मोजतो. संग्राहक बघतो ती झीज: मिनारांच्या रेघा, कमानीतलं उस्मान अलीच्या नावाचं ‘ऐन’ हे अक्षर, हिजरी साल. हे जितकं स्पष्ट तितकी ग्रेड वरची. चिंच लावून घासलंत की मूळ झिलई जाते, आणि किंमतही. पीव्हीसीच्या पाकिटात हिरवा चिकट थर चढतो. त्यापेक्षा मायलरचं पाकीट घ्या, कोरड्या जागी ठेवा, नाणं कडेनेच धरा.

१९५९ साली हाली रद्द झाला, २०२३ मध्ये ‘उस्मानाबाद’ हे नावही गेलं. ती हद्द आणि तो हिशोब आता या नाण्यांतच उरलाय. वितळवलंत तर हातात राहील फक्त नऊ ग्रॅम चांदी.